कुणाच्या गाडीतून

शेळी चोरीला गेली म्हणून तक्रार द्यायला मी पोलीस ठाण्यात गेले, तर तिथं माझ्याच दहा बोटांचे ठसे घेतले.

हवालदार हसला. "तुमच्या वस्तीत चोरी? उलटी गंगाच म्हणायची." बाकीचेही हसले. मला खाली बसवलं, चपलांच्या शेजारी. आमच्या जमातीवर इंग्रजांनी चोर म्हणून शिक्का मारला. इंग्रज गेले, शिक्का तसाच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं जिची शेळी गेली तिलाच धरलं. घरी येऊन राखेनं बोटं घासली, शाई निघेना. लाज वाटली. मग लाज मला का वाटावी, याचा राग आला. तक्रार तर त्यांनी लिहिलीच नव्हती.

उन्हाळ्यात वणी रस्त्यावरच्या आमच्या वस्तीवर नाशिकहून एक बाई आली. पोलीस लोकांशी कसे वागतात याचा अभ्यास करते म्हणाली. सरकारचा संबंध नाही, पोलिसांचा नाही, स्वतंत्र काम. आली मात्र पोलिसांच्याच जीपमधून. तोच हवालदार आमच्या बाजेवर ऐसपैस बसला.

"मोकळेपणानं बोला," बाई म्हणाली.

आमच्याकडं रीतच आहे. खाकी दिसली की पुरुष ओढ्याकडं पसार, आणि बायकांनी पोलिसांची तारीफ करायची.

"साहेब लय चांगले हायेत," सासू म्हणाली. बाईनं लिहून घेतलं.

माझ्याही ओठावर तेच आलं होतं. पण नजर बोटांवर गेली.

"ताई, तुम्ही कुणाच्या गाडीतून आल्या?"

"यांनीच वस्ती दाखवली."

"मग आमचं बी यांनाच इचारा."

"लय शानी झाली का?" हवालदार उठला. सासूनं माझा पदर ओढला. मी हलले नाही. बाई गोरीमोरी होऊन निघून गेली.

काही दिवसांनी ती परत आली. एकटी, एसटीनं, फाट्यावरून पायी. तरी माझा विश्वास बसला नाही. हे कोण वाचणार, विचारलं.

"पोलिसांचे वरचे साहेबही वाचतील. त्याशिवाय सुधारणा कशी होणार?"

वरचे साहेब. ठसे घेतानाही वरूनच हुकूम आहे म्हणाले होते. पण या खेपेला ती खाकीशिवाय आली होती, म्हणून सांगितलं. चपला, शाई, सगळं. लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावलं. पोलिसांच्या हसण्याचं तिनं गाळलं होतं, ते घालायला लावलं. सासूचं "लय चांगले" सासूच्या देखत खोडून घेतलं.

अभ्यासानं पोलीस सुधारतात म्हणे. बघू. परवा तीच जीप माझ्या दारासमोर हळू झाली. मी आत गेले नाही.

यापुढं कुणीही विचारायला येवो, आधी मी विचारणार, कुणाच्या गाडीतून आलात. खाकीच्या गाडीतून आलेल्याला या वस्तीत एक शब्द मिळणार नाही. चांगला तर नाहीच नाही.