माझ्या जागेवरचा इस्माईल

मंडळी, आज कोल्हापूर स्टँडवर गडहिंग्लजच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी इस्माईल येऊन बसला.

आणीबाणी उठली त्या साली साखर कारखान्यानं मला नाहक काढलं आणि माझ्या जागेवर ह्याला घेतलं. लेबर कोर्टात मी हरलो. वरच्या कोर्टात अपील केलं, जिंकलो. मी परतलो त्याच दिवशी ह्याला घरी बसवलं. माझं चुकलं न्हवतं, आजही म्हणतो. पण रिटायर होईपर्यंत माझ्याजवळ कुणी जेवणाचा डबा उघडला नाही.

आज त्यानं मला ओळखलंच नाही. अर्धी भाकरी मोडून पुढं केली. म्हणाला, "घ्या की पावणं, एकट्याला घास उतरत न्हाय."

मी खाल्ली. नाव सांगितलं नाही.

तुम्ही सांगितलं असतं?