नारायण पेठ ते खडकवासला, एका आवाजाच्या मागे

नारायण पेठेतल्या आमच्या बोळातून गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर ब्रेकने किंकाळी फोडली. ओल्या पाटीवर खडूचे टोक घासावे तसा आवाज. थेट दातांच्या मुळाशी लागणारा. कोपऱ्यावरच्या फुलवाल्याने गजरा गुंफता गुंफता मान वर केली.

"बघ. म्हणूनच चालवत नाही मी," शेजारी ताठ बसलेली आई म्हणाली. "हाक न मारता सगळी पेठ गोळा होते."

ही जुनी गाडी आईची. बाबा गेल्यावर ती चालवायला शिकली आणि रविवारी एकटीच खडकवासल्याच्या पाण्याकाठी जाऊन येऊ लागली. गेल्या पावसाळ्यात हा आवाज सुरू झाला आणि तिचे जाणे थांबले. धाकट्या भावाने गिऱ्हाईक शोधले. ते आज संध्याकाळी यायचे होते. 'ब्रेक गेले असतील तर गाडीही जाऊ दे,' असे आई म्हणाली खरी; पण सकाळी किल्ली माझ्या हाती देऊन "आधी मेस्त्रीला दाखवू" हेही तीच म्हणाली.

स्वारगेटपर्यंत मी कान देऊन ऐकत गेले. आवाज सलग नव्हता. गाडी मंदावताना त्याला एक लय येई: चाकाच्या दर फेरीला एक तीव्र स्वर, मग क्षणभर मौन. वृत्तात यती यावी, तसे.

बिबवेवाडीतले गॅरेज पिठाच्या गिरणीला लागून आहे. ज्वारीच्या कोमट पिठाचा आणि ग्रीसचा वास तिथे एकमेकांत मिसळतो. मी मेस्त्रींना ती लय सांगितली.

"फेरीला एकदाच? मग बघू," म्हणत त्यांनी जॅक लावून पुढचे चाक उतरवले. आतल्या चकाकत्या पोलादी चकतीवर एक तपकिरी डाग होता, अगदी ब्रेकच्या पॅडच्या आकाराचा. पॅड तिथेच टेकून राहिले होते आणि त्याच्याखाली गंज धरला होता.

"काकू, गाडी रोज धुता?"

"रोज. पहाटे. दोन बादल्या," आईच्या स्वरात अभिमान होता.

"आणि ओलीवरच कव्हर?"

"मग काय धूळ बसू द्यायची?"

"चालवता कधी?"

आई गिरणीकडे पाहू लागली.

"काकू, ही गाडी नाही, देव्हारा झालाय. आवाज जावा म्हणून तेल नाही ना घातलंत?"

"शिलाई मशीनचं घालणार होते. गुडघा वाकला नाही."

"गुडघ्याचे उपकार. ब्रेकला तेल लागलं असतं, तर थेट नदीतच थांबला असतात."

"पॅड गेलेत का?" मी विचारले. आईने पर्सचा पट्टा घट्ट धरला.

मेस्त्रींनी पॅड काढून कडेने निरखले. "भरपूर जाड आहेत अजून." मग पॉलिश पेपरने त्यांनी डाग उतरवला, पॅडची गुळगुळीत झालेली तोंडे घासली आणि त्यांच्या पाठीला बोटभर ग्रीस लावले. "पाठीलाच. तोंडाला नाही. आता हलके हलके ब्रेक मारत लांब जाऊन या. आणि धुतली की रोज एक चक्कर. ब्रेक वाळले पाहिजेत."

मी वळून पाहते, तो आई चालकाच्या जागी बसलेली.

सिंहगड रस्त्यावर पहिल्या सिग्नलला तोच स्वर पुन्हा उमटला. आईचा चेहरा उतरला. दुसऱ्या सिग्नलला तो कुजबुजीएवढा झाला. पुढे कधी विरला, कळलेच नाही. खडकवासल्याचे पाणी करड्या रेशमासारखे हलत होते. निखाऱ्यावर भाजलेले कणीस देताना बाई म्हणाली, "गरम हाय आजी, सावकाश."

"वाफ दिसतेय मला," आई म्हणाली आणि लगेच जीभ पोळून घेतली.

परतलो तेव्हा बोळाच्या तोंडाशी भाऊ पाठमोरा उभा होता, गिऱ्हाइकासोबत. "आवाज येईलच आता, मैलावरून ऐकू येतो," तो हसत सांगत होता. आईने गाडी त्याच्या मागे हातभर अंतरावर आणून थांबवली. त्याला पत्ताच नाही. तिने काच खाली केली.

"बाजूला हो. आणि त्यांना चहा पाजून पाठव. गाडी विकायची नाहीये."

प्रवासवर्णने लिहिते मी, पण इतक्या जवळचा प्रवास आजवर लिहिला नव्हता, आणि इतका कान देऊन केलेलाही नव्हता. आता पहाटे बादलीचा आवाज येतो, पाठोपाठ इंजिनाचा. मग पेठ पुन्हा शांत. आई परत कधी येते, ते मात्र कुणालाच ऐकू येत नाही.