वावरातली दुसरी घागर

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कोणी एखादा तपास सांगा म्हटले की मला आधी आठवते ते एका दगडाचे प्रकरण. नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली होती. सकाळची हजेरी संपते न संपते तोच धुळ्याहून भाड्याची गाडी आली आणि साठीच्या घरातली एक गोरी बाई उतरली.

बाई कॅनडाची. पासपोर्ट तपासला, स्टेशन डायरीत नोंद घेतली. माझे वडील सालदार होते आणि घरात पहिला पदवीधर मीच. कॉलेजातल्या सरांनी आग्रहाने इंग्रजी विषय घ्यायला लावला होता, त्या इंग्रजीचा खरा उपयोग त्या दिवशी झाला. बाई सावकाश बोलायच्या, मला समजावे म्हणून थांबायच्या. त्यांचे आजोबा डॉक्टर होते. कॅनडातून इकडे येऊन त्यांनी जवळच्याच एका गावी दवाखाना चालवला आणि तापाच्या साथीत तिथेच वारले. आजी लहान मुलाला घेऊन परत गेली. तो मुलगा म्हणजे बाईंचे वडील. आता ते अंथरुणाला खिळले होते. घराण्यातल्या सगळ्यांच्या कबरी कॅनडात एका जागी होत्या, फक्त या डॉक्टरांची नव्हती.

"मी जायच्या आधी माझे वडील कुठे आहेत एवढे कळू दे, असे म्हणतात ते," बाई म्हणाल्या. त्यांच्याजवळ एक जुना फोटो होता. नदीचा काठ, कबर, तिच्यावर नाव कोरलेला दगड. बाई आदल्या दिवशी त्या गावात जाऊन आल्या होत्या. तिथे ना कबर होती, ना दगड. आखाजीच्याच दिवशी त्यांना चाळीसगावहून गाडी पकडायची होती.

मी त्यांचा अर्ज चौकशीवर घेतला. बातमी फुटायला वेळ लागला नाही. दुपारी गावातलाच एक खबऱ्या आला. म्हणाला, "साहेब, दगड आबानी ईकी टाका. पुराना साली तेनीच उचला, मना बापनी देखेल शे." मोठ्या पुराच्या वर्षी आबाने दगड उचलून विकला, असे त्याचे म्हणणे.

आबा म्हणजे सत्तरीचा एक शेतकरी. त्याचा बाप त्या डॉक्टरांची बैलगाडी हाकायचा. मी आबाला बोलावून घेतले. धोतर, डोक्याला फडके, हातात काठी. बसायला सांगितले तरी बसला नाही.

"आबा, दगड तुम्ही उचलला?"

"हां."

"विकला?"

"नही."

"मग कुठे आहे?"

"आखाजी होऊ द्या. परवा सांगसू."

"परवा बाई निघून जाणार. आजच सांगा."

आमचे हवालदार जुने, खमके. ते म्हणाले, "ओ आबा, कोठडीत बसवलं तर आखाजीची पुरणपोळी इथेच खावी लागेल."

"खासू," आबा शांतपणे म्हणाला. "पन तूप जास्ती वाढजा."

हवालदारांनाही हसू आले. पण माझी पंचाईत झाली. चोर साधारणपणे एक तर कानावर हात ठेवतो, नाहीतर सगळे दुसऱ्यावर ढकलतो. हा माणूस गुन्हा कबूल करत होता आणि फक्त मुदत मागत होता. वरून फोन आला होता, परदेशी नागरिकाचे प्रकरण आहे, लवकर निकाली काढा. खबऱ्याचा जबाब होता, आबाची कबुली होती. गुन्हा दाखल करून त्याला आत टाकणे सोपे होते.

मी आधी घरझडती घ्यायचे ठरवले. आबाला ठाण्यातच थांबवून, दोन पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. मातीचे घर, स्वच्छ सारवलेले. दगड नव्हताच. बाहेर ओट्यावर मात्र दोन नव्या कोऱ्या घागरी पालथ्या घातल्या होत्या. खानदेशात आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात, वर खरबूज आणि आंबा ठेवतात. माझी आईही भरायची. आमच्याकडे ती एकच असे. मी सहज आबाच्या सुनेला विचारले, "दोन का हो अक्का?"

"एक घरनी, एक वावरनी," ती बोलून गेली आणि लगेच पदर तोंडावर धरून आत वळली.

वावरात, भर शेतात, कोणाचे पितर असतात? मी पंचांना परत पाठवले, ठाण्यात आलो आणि आबाला चहा मागवला. हवालदारांना बाहेर जायला सांगितले.

"आबा, वावरातली घागर कोणाची?"

त्याने हातातली बशी खाली ठेवली. मग तो म्हणाला, "साहेब, मागे मनी सायकल चोरायनी व्हती. सापडनी. तुम्हना लोकेसनी मुद्देमालमा जमा करी. तीन पावसाया ती आठे, तुम्हना ठाणामा, भितले टेकेल व्हती. माले भेटनी तवय नुसता गंज." त्याने माझ्याकडे पाहिले. "दगड तुम्ही जमा करशात. हाडेबी जमा करशात. मंग आखाजीले डाक्टरबाबाले पानी कोन देई?"

मग त्याने सगळे सांगितले तेव्हा उलगडा झाला. एका मोठ्या पुरात नदीने काठ कापत कापत कबरीपर्यंत आणला होता. आबाने आणि त्याच्या बापाने हाडे नव्या कापडात बांधून आपल्या शेतात, उंचावर नेऊन पुरली आणि वर तोच दगड बसवला. डॉक्टरांचे इथे कोणी नाही, म्हणून बापाने दर आखाजीला त्यांच्या नावाने घागर भरली. बापामागे आबा भरत होता. यंदाची घागर सुनेने तरी भरावी, ती चुकू नये, एवढ्यासाठी तो कोठडीत बसायला तयार झाला होता. आखाजी झाली की पोलिसांनी काय न्यायचे ते न्यावे, असा त्याचा हिशेब.

मी म्हणालो, "आबा, काहीही जमा होणार नाही. माझा शब्द." मला तो देता आला, कारण कबर हलवण्याच्या गुन्ह्यात विटंबनेचा हेतू लागतो आणि इथे नेमके उलटे होते. तरी मनावरचे ओझे उतरले ते कायद्याने नव्हे. त्या म्हाताऱ्याला आत टाकावे लागणार नाही, याने मला हलके वाटले.

बाईंना घेऊन, वाटेत त्यांना सगळे सांगत, आम्ही वावरात गेलो. बांधावर पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, ढीग होता. बाई गावात विचारपूस करू लागल्या तेव्हा आबानेच तो रचला होता. सुनेने आणि हवालदारांनी पऱ्हाट्या बाजूला केल्या. खाली दगड, त्यावर हळदकुंकवाची जुनी बोटे. बाई गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत नाव मोठ्याने वाचले. मग आबाकडे वळून त्यांनी दोन्ही हात जोडले. हे त्यांना कोणी शिकवले होते, मला माहीत नाही.

आबाने मला कोपराने ढोसले. "बाईले इचारा, लई जानार का तेले?"

आजोबांना घेऊन जाणार का, असे मी विचारले. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि उलट मलाच विचारले, "घागर भरायच्या दिवशी मी इथे असले तर चालेल का?"

त्यांची गाडी दोन दिवस पुढची केली. आखाजीला सुनेने बाईंच्या हातात कळशी दिली. बाई घाबरत घाबरत घागरीत थोडे थोडे पाणी ओतू लागल्या, तशी सून म्हणाली, "पुरी भरा हो बाई, तुम्हना आजा शे, हात का आखडतस?" मी भाषांतर केले. बाई हसल्या आणि त्यांनी घागर काठोकाठ भरली. आबाने वर खरबूज ठेवले.

संध्याकाळी ठाण्यासमोरच्या एसटीडी बूथवरून बाईंनी कॅनडाला फोन लावला. आवाज पोहोचत नव्हता म्हणून त्या ओरडून बोलत होत्या. दार उघडे होते, मी बाहेर उभा होतो. त्या मध्येच थांबल्या, डोळे पुसले आणि पुन्हा ओरडून काही म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी विचारले, काय म्हणाले वडील?

"त्यांनी विचारले, माझे बाबा तिथे एकटेच आहेत का. मी सांगितले, नाही, एका घराने त्यांना आपल्यात घेतले आहे."

अर्ज निकाली काढताना मी शेरा लिहिला की गुन्हा घडल्याचे दिसून येत नाही. पुढे अनेकांना प्रश्न विचारले. पण कोणी समोर बसून गप्प राहिला की मी आधी आवाज खाली आणायचो आणि विचारायचो, तुम्हाला कोणाची काळजी आहे? पुष्कळदा उत्तर मिळायचे.