कापूस भरलेला हातमोजा

सुमेध गेल्याचा फोन त्याच्या घरमालकानं केला, तेव्हा मी इकडे मिशिगनमधल्या ट्रॉयला ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. रडले वगैरे नाही, आधी भयंकर चिडले. दुखण्याच्या गोळ्या जास्त झाल्या म्हणे. चुकून की मुद्दाम, हे कृपा करून मला कुणी विचारू नका. मला माहीत नाही, आणि आता कळायचंही नाही. दीड महिना झाला… राग अजून तसाच आहे.

नागपूरला आम्ही एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात होतो. टेक्सासला एमएस करायला आलो तेही बरोबरच. पुढे मी मिशिगनला गाड्यांच्या कंपनीत लागले आणि हा बहाद्दर टेक्सासातच, मिडलंडला तेलविहिरींवर गेला. "तुझ्या त्या एसी ऑफिसात माणसाला गंज चढतो यार," म्हणायचा. रोज सकाळी कामाआधी सगळ्यांना गोळा करून सुरक्षेचं सांगायचं काम त्याच्याकडे होतं. लटकत्या पाइपला हात लावायचा नाही, दोरीनंच वळवायचा, हे तो घसा फोडून सांगे. त्या दिवशी क्रेनला लटकलेला पाइप वाऱ्यानं फिरला. पलीकडे एक कामगार पाठमोरा उभा होता, आणि याचा हात आपोआप पुढे गेला… पाइप आणि लोखंडी कठड्याच्या मध्ये. तो कामगार वाचला. सुमेधच्या उजव्या हाताला अंगठा तेवढा उरला. कंपनीच्या चौकशीचा निष्कर्ष काय, तर यानं नियम मोडला! निष्कर्ष काढायला यांच्या बापाचं काय जातं?

ऑपरेशनं झाली, मग कंपनीनं त्याला गोदामात बसवलं. पण त्याला हाताहून मोठी धास्ती होती ती आईची. काकूंनी नागपुरात ब्लाउज शिवून एकटीनं त्याला आणि बहिणीला वाढवलं होतं. तिला कळलं तर ती संपेल, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून व्हिडिओ कॉलच्या आधी कामाचा हातमोजा घ्यायचा, चार बोटांत कापूस ठासायचा आणि दोन्ही हातांत मोजे चढवून बसायचं. "ड्युटीवर आहे गं आई." शेवटी मोजे घातलेले दोन्ही हात जोडून "जय भीम, आई." बहिणीच्या लग्नालासुद्धा गेला नाही. रजा मिळाली नाही म्हणाला.

या हिवाळ्यात मी त्याला भेटायला गेले, ती शेवटची भेट. ओळखू येत नव्हता इतका वाळला होता. डाव्या हातानं चमच्यानं वरणभात खात म्हणाला, "नसलेली बोटं दुखतात गं. कुणी पिरगाळतंय असं वाटतं. डॉक्टरला दाखवू तरी काय?" मी भडकले. म्हटलं, आईला सांगून टाक, घरी जा, हे नाटक पुरे झालं. त्यानं चमचा ताटात ठेवला. "तिच्या मनात तरी माझा हात शाबूत राहू दे," म्हणाला.

त्याची खोली आवरायला मीच गेले. टेबलावर फोनचा स्टँड होता आणि शेजारी तो मोजा, चारही बोटं ताठ. काकूंना खोली बघायची होती, म्हणून व्हिडिओ लावून फोन फिरवत होते. मोजा दिसताच त्या म्हणाल्या, "थांब. तो इकडे पाठव. कापूस काढू नको."

मी मोजा उचलून घाईनं फोनच्या मागे धरला.

"पोरी, सारा जन्म शिवण्यात गेला माझा. आत बोट आहे का कापूस, मले कळत नाही काय? एक दिवस वळलं नाही त्याचं बोट."

"मग काकू, विचारलं का नाहीत त्याला?"

"विचारलं असतं तर फोनच बंद केला असता त्यानं… फोनवर तरी दिसत होता."

म्हणजे दोघंही एकमेकांना जपत बसले, आणि तो तिकडे एकटा दुखत राहिला. अरे, कुणीतरी एकानं बोलायचं होतं रे!

मोजा अजून माझ्याकडेच आहे. खोका आणून ठेवलाय, त्यावर नागपूरचा पत्ताही लिहिलाय. पण रोज बंद करायला घेते आणि मधलं बोट जरासं चेपल्यासारखं वाटतं. मग ते नीट करत बसते.