आबांच्या बंपरला शिंगांचा रंग

आमच्या घरात गंज हा विषय जेवताना काढायचा नाही, असा नियम आहे. कारण आबांची जुनी गाडी. (आबा म्हणजे माझे वडील. गाडी म्हणजे त्यांचं माझ्याहून लाडकं अपत्य.) गेल्या भाऊबीजेला आबा आईला घेऊन कुरुंदवाडला मामांकडं गेले. मी मागच्या सीटवर. मामांनी दारातच लोखंडी बंपरवर टिचकी मारली आणि गंजाची ही एवढी खपली खाली पडली.

"दाजी, पुढच्या वर्षी नुसतं स्टेअरिंग घिऊन येताय वाटतं," मामा म्हणाले. सगळे हसले. येताना आबांनी वाटेत दोनदा गाडी थांबवून बंपर पुसला आणि ते मला फार लागलं.

म्हणून यंदा दिवाळीत बंपर मीच रंगवायचा ठरवला. रंगाच्या दुकानात गेलो.

"स्प्रे मशीन हाय का?" दुकानदारानं विचारलं.

"न्हाय. ब्रश हाय."

"मग गॅरेजला न्या की."

"तुम्ही टिकणारा रंग द्या. हात माझा हाय."

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

तणतणत गल्लीत आलो, तर शेजारचा तानाजी पाडव्यासाठी म्हशींची शिंगं रंगवत बसलेला. (पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून मोटरसायकलमागं पळवतात. बाहेरच्यांना ही थाप वाटते.)

"तान्या, ह्यो रंग टिकतो का रं?"

"टिकतो का म्हंजे? म्हस वरीसभर डबक्यात लोळती. शिंग झिजंल, रंग न्हाय."

मला आणखी काय पाहिजे होतं? चंदेरी डबा उचलला, बंपर पॉलिश पेपरनं घासला आणि सुरू झालो. जास्त टिकावा म्हणून एकावर एक हात मारत गेलो. आधीचा वाळायची वाट कोण बघतो! बंपर असा चमकायला लागला की मी त्यात भांग पाडून घेतला.

तेवढ्यात तानाजीनं सुंदरी नावाची म्हैस भादरून मोकळी केली. नुकत्याच भादरलेल्या म्हशीला खाज सुटणारच, पण अंग घासायला तिला अख्ख्या गल्लीत आमचाच बंपर सापडला. मी ओरडत धावलो. ती डोळे मिटून निवांत घासत राहिली.

सुंदरीच्या कुशीवर चंदेरी पट्टा उमटला आणि तिचे सुटे केस बंपरभर चिकटले. मी रॉकेलचा बोळा फिरवला. केस जागेवर राहिले, रंग नंबरप्लेटवर गेला.

आबा बाहेर आले. "ह्ये काय?"

"मामा पुन्हा हसायला नगोत म्हणून..."

आबा जवळ आले. मग बंपरवरून हात फिरवला. "मऊ लागतंय," म्हणाले आणि आत गेले.

भाऊबीजेला कुरुंदवाडात मामा बंपरपाशी वाकले, ते वाकलेलेच राहिले. "दाजी, ह्येला क्यास कशानं आलं?"

मी मान खाली घातली. आबांनी सावकाश गाडीचं दार लावलं. "माझ्या पोरानं सोताच्या हातानं रंगवलाय. तुझ्या पोरानं तुझ्या गाडीला कधी फडकं तरी मारलंय का?"

माझे डोळे भरून आले. बापानं चारचौघांत माझी बाजू घेतली होती, तीसुद्धा असल्या कामासाठी!

रंग मात्र पक्का निघाला. अजून एक केस हललेला नाही. रविवारी गाडी धुवायची झाली की आबा अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारतात, "बादली आण, फडकं आण, आनि येताना आईचा कंगवा घिऊन ये."