एका घरातल्यांना मुभा

आमच्या सभेत आठ वर्षांवरच्या प्रत्येक मुलाला वही ठेवावी लागे. दोनशे पानी, रेघांची. डाव्या पानावर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, वचन, उजव्या पानावर भाषणातले मुद्दे. वरच्या कोपऱ्यात तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव. सभा संपली की ज्येष्ठ एकेक वही पाहत आणि खाली सही करत. ज्येष्ठ म्हणजे सभेचा कारभार पाहणारे तिघे. ते पाद्री नव्हते, त्यांना पगार नव्हता. पण कोणाचं लग्न कोणाशी व्हावं, घरात टीव्ही असावा की नसावा, कोणत्या नातेवाइकाच्या लग्नाला जाऊन जेवावं आणि कोणत्या लग्नाहून नुसतं परत यावं, हे तेच सांगत.

मी मुखेडला वाढलो. आई-वडील शेतमजुरी करत. मी पाच वर्षांचा असताना ते या सभेत आले. गावात आम्हाला सभावाले म्हणत. बाजाराच्या दिवशी कोणीतरी वडिलांना हमखास थांबवी. "काय पाव्हणं, तुमच्यात पोळ्याला बैलालाबी पोळी न्हाई म्हणं?"

"आमच्यात बैलच न्हाई," वडील म्हणत आणि पुढे जात.

वहीचा मला कंटाळा नव्हता. कोण बोललं, काय बोललं, कुठे आणि कधी, हे मी पेपरात शिकलो नाही, तिथे शिकलो. आज मी नांदेडला एका दैनिकात जिल्हा पानाच्या डेस्कवर काम करतो. तालुक्यातून आलेली बातमी तपासायची, शंका असेल तर बातमीदाराला फोन करायचा, चुकलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापायचा. माझं लग्न झालेलं नाही. त्याची कारणं वेगळी आहेत आणि त्यांचा सभेशी संबंध नाही. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे राहते.

अक्का माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. बारावीनंतर तिचा लातूरला नर्सिंगला नंबर लागला. त्याच आठवड्यात नांदेडचे मोठे ज्येष्ठ मुखेडच्या सभेत बोलायला आले. ते म्हणाले, पीक कापणीला उभं असताना बांधावर पुस्तक वाचत बसणाऱ्या सालगड्याला कोणता मालक ठेवील? दिवस थोडे राहिलेत, मुलींना वसतिगृहात पाठवू नका. मी चौदा वर्षांचा होतो. मी मुद्दा लिहून घेतला. त्यांनी खाली सही केली.

अक्का लातूरला गेली नाही. त्यावर घरात बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. दीड वर्षाने तिचं लग्न मुरुडच्या एका सभावाल्या घरात झालं. दाजींची पिठाची गिरणी आहे. त्यांना एक मुलगी.

गेल्या वर्षी मोठ्या ज्येष्ठांनी आपल्या नातीला लातूरला मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला घातलं. ती वसतिगृहात राहू लागली. सभेत थोडी कुजबुज झाली. पुढच्या रविवारी ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "सभेने शिक्षणाला कधीच मनाई केली नव्हती. काहींनी उत्साहाच्या भरात तसे निर्णय घेतले असतील, तर ती सभेची जबाबदारी नव्हे."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. चाळिशीतही माझ्याकडे वही होती. घरी येऊन पत्र्याच्या पेटीतल्या जुन्या वह्या काढल्या. मुखेडची ती वही सापडायला फार वेळ लागला नाही.

मी तिघा ज्येष्ठांना भेटायची वेळ मागितली. नांदेडची सभा एका पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरते, त्यामागच्या लहान खोलीत बसलो. वही टेबलावर ठेवली.

मोठ्या ज्येष्ठांनी चष्मा लावून वाचलं. "हे कोणी लिहिलं?"

"मी."

"तेव्हा वय किती तुझं?"

"चौदा."

"चौदा वर्षांच्या पोराने ऐकलेलं."

"खाली तुमची सही आहे, भाऊ."

"सही हजेरीची असते. मजकुराची नसते." त्यांनी वही मिटली. "तुला नेमकं काय पाहिजे?"

मी म्हणालो, एक वाक्य पाहिजे. तेव्हा मनाई होती आणि ती चूक होती, एवढं सभेत सांगा. पेपरात आम्ही हे रोज करतो, त्याने पेपर बंद पडत नाही.

दुसरे ज्येष्ठ हसले. "बाबा रे, हा काही पेपर न्हाई. हितं खुलासे छापत नसतात."

मोठे ज्येष्ठ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, हे तू कोणाच्या वतीने बोलतोस. मी म्हणालो, ज्यांनी ऐकलं त्यांच्या वतीने. मी अक्काचं नाव घेतलं नाही. त्याची गरजही नव्हती. त्यांनी त्याच आठवड्यात मुरुडला फोन लावला आणि तिला विचारलं, बहीण, तुमची काही तक्रार आहे का? अक्का म्हणाली, न्हाई. माझी कसलीच तक्रार न्हाई.

म्हणजे तक्रार करणारं कोणी नव्हतं. उरलो मी आणि एक वही. मला तीन आठवड्यांत शब्द मागे घ्यायला सांगितलं. मी घेतले नाहीत.

ज्याला काढायचं त्याने त्या रविवारी हजर राहावं, अशी आमच्याकडे रीत आहे. मी पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होतो, आई पलीकडे बायकांत. मोठ्या ज्येष्ठांनी माझं नाव घेतलं आणि म्हणाले, "हे यापुढे आपल्या सहभागात नाहीत." कारण सांगत नाहीत. मग सगळे गाण्याला उभे राहतात आणि गाणं चालू असताना त्या माणसाने बाहेर पडायचं. मी जिना उतरून खाली आलो. वरून आईचा आवाज वेगळा ऐकू येतो का ते पाहिलं. आला नाही.

नियम थोडे आहेत. काढलेल्याला सलाम करायचा नाही, त्याच्यासोबत जेवायचं नाही, बोलायचं नाही. चुकून बोललं गेलं तर रविवारी स्वतः उठून सांगायचं. एका घरात राहणाऱ्यांना मात्र मुभा आहे: त्यांनी गरजेपुरतं बोलावं, जेवणाआधी एकत्र प्रार्थना करू नये. त्यामुळे आई माझ्याशी बोलू शकते. ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करते, मग ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसते.

बाहेर सवय व्हायला वेळ लागला. सभेतले एक भाऊ स्टेशनजवळ ऑटो चालवतात. एकदा घाईत मी हात केला, ऑटो थांबला, त्यांनी मला ओळखलं आणि पुढे निघाले. वीसेक पावलांवर पुन्हा थांबले. मागे पाहिलं. मग गेले. माझ्या वडिलांच्या मयतीला या माणसाने खांदा दिला होता.

अक्का दर रविवारी दुपारी आईला फोन करते. आईला कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो. हे अक्काला माहीत आहे.

"घरात कोण हाय?"

"मी हाय अन् तो हाय."

"त्याला जेवला का म्हणून इचारू नको."

"न्हाई इचारत. दोन भाकरी खाल्ल्या त्यानं."

"खोकला गेला का, तेबी इचारू नको."

"गेला," मी म्हणे, आईकडे पाहून. आई फोनवर सांगे, "गेला म्हणायलाय." असं सात-आठ महिने चाललं. मला हे फोन पुरेसे वाटत नव्हते, पण ते बंद होतील अशी भीतीही वाटत होती.

या उन्हाळ्यात भाची बारावी झाली आणि नर्सिंगचं म्हणू लागली. अक्काने फोनवर सांगितलं, दाजींचं ठरत नाही, आईने यावं. आईच्या पायाला सूज असते, तिला एकटीला लातूरला बस बदलता येत नाही. मी सोबत गेलो.

दाजींनी मला येताना पाहिलं आणि गिरणीचा पट्टा चढवण्यात गुंतले. आई आत गेली. मी गिरणीसमोर एका दगडावर बसलो. समोरच्या घरातल्या मावशी, सभेशी संबंध नसलेल्या, थोडा वेळ पाहत राहिल्या.

"काय रे, बाहीर का बसलास? आत जागा न्हाई का?"

"जागा हाय मावशी. मला बंदी हाय."

"कुणाची?"

"सभेची."

"मंग इकडं ये. आमच्यातून तुला अजून कुणी काढलं न्हाई."

त्यांनी ओट्यावर ताट वाढलं आणि रस्त्यापलीकडे ओरडून सांगितलं, "अगं ए, तुझा भाऊ माझ्याकडं जेवायलाय बरं का! भाजी तिखट हाय, मागून मला बोल लावू नको!"

थोड्या वेळाने अक्का बाहेर आली. रस्ता ओलांडून ओट्याखाली उभी राहिली. जवळपास वर्षभराने ती थेट माझ्याशी बोलली.

"तू मला इचारलं होतंस का?"

"नाही."

"पेपरात असंच करता का? जिची गोष्ट, तिलाच इचारायचं न्हाई?"

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं."

"नाव कशाला पाहिजे? मुखेडची पोरगी, लातूरला नंबर, मुरुडात दिली. अशा किती हायत?"

मी म्हणालो, "त्यांनी विचारलं तेव्हा तू तक्रार नाही म्हणालीस."

"मंग काय म्हणू?" तिचा आवाज वाढला नाही. "इतकी वर्सं मी म्हणून राहिले, मी देवासाठी सोडलं. मी सोडलं. तू वही दाखवून सांगितलंस, हिनं सोडलं न्हाई, हिच्याकडून सोडवून घेतलं. माझ्याकडं तेवढंच होतं की रे."

ज्याच्याबद्दल लिहायचं त्याची बाजू आधी विचारून घ्यावी, हे मी नव्या बातमीदारांना पहिल्या दिवशी सांगतो. ज्येष्ठांकडे जाताना मी अक्काला एक फोन केला नव्हता. ती नको म्हणेल, असं वाटलं होतं, म्हणून.

"आता रविवारी उठून सांगावं लागंल मला," ती म्हणाली. "तुझ्याशी बोलले म्हणून."

"इथे कोणी पाहिलं नाही."

"मी तर आंधळीच हाय बाई," मावशी म्हणाल्या.

"मी पाहिलं की," अक्का म्हणाली आणि आत गेली.

त्या रविवारी काय झालं ते भाचीने आईला फोनवर सांगितलं. मी शेजारीच होतो. मुरुडची माणसं लातूरच्या सभेला जातात. त्या दिवशी नांदेडचे मोठे ज्येष्ठ आले होते. अक्का उठली आणि भावाशी बोलल्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, काय बोललात? ती म्हणाली, ते ऱ्हाऊ द्या. माझी लेक आता लातूरला पाठवायची हाय. त्याच्या आधी एवढं सांगा, तवा मनाई होती का न्हवती? होती म्हणा, तर मी ऐकलं. न्हवती म्हणा, तर मी येडी. दोन्हीतलं एक सगळ्यांसमोर सांगा.

आमच्या सभेत बायका उठून विचारत नाहीत. ज्येष्ठ म्हणाले, बसा, बहीण. ती बसली नाही. त्यांनी गाणं सुरू करायला सांगितलं. गाण्याला सगळे उभे राहिले, तेव्हा ती त्यांच्यात दिसेनाशी झाली. गाणं संपलं, सगळे बसले, ती उभीच होती.

तिला विचार करायला दोन आठवडे दिले आहेत. हे लिहीत आहे तोवर ते संपलेले नाहीत. दाजी तिच्याशी जेवणापुरतं बोलतात. भाचीचा फॉर्म भरलेला आहे, सही दाजींची राहिली आहे.

काढलेल्या दोघांनी एकमेकांशी बोलू नये, असा नियम नाही. अक्काला काढलं तर ती मला फोन करू शकेल. काढलं नाही तर ती जाऊबाईंशी, सभेतल्या मैत्रिणींशी, ज्यांच्यात तिचं सगळं आयुष्य गेलं त्यांच्याशी बोलू शकेल. यातलं काय व्हावं, असं मला कोणी विचारलं तर मी सांगू शकणार नाही. विचारणारं कोणी नाही.

भाचीचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने पिशवी भरली. चार लुगडी, गोळ्या, शास्त्र. म्हणाली, अक्काजवळ कुणीतरी पाहिजे, ह्या वक्ताला. किती दिवस, ते सांगितलं नाही.

मी लातूरपर्यंत सोबत गेलो. मुरुडची बस लागायला वेळ होता. आम्ही स्टँडवरच्या बाकावर बसलो. सांगणं भाग होतं, म्हणून मी सांगितलं, "तू तिकडे राहिलीस की माझ्या घरातली उरत नाहीस. मग तुला माझ्याशी बोलता येणार नाही."

आई पाय दाबत होती. "रेशन कार्डात माझं नाव कुठं हाय?"

"नांदेडला."

"मंग मी नांदेडचीच की. मुरुडात पाव्हणी."

"हे चालतं का, ज्येष्ठांना विचारलंस?"

"कशाला इचारू?" आई म्हणाली. "न्हाई म्हणले तर?"

बस लागली. मी पिशवी वर चढवून दिली आणि तिला खिडकीजवळ बसवलं.