पॉझचे बटण

सीताबर्डीच्या फुटपाथवर परवा जुन्या रिमोटांचा ढीग दिसला. एकाचे पॉझचे बटण पार झिजले होते. मला आमचे मराठीचे सर आठवले.

एम.ए.च्या वर्गात ते ‘खडी गंमत’ या आपल्याकडच्या लोकनाट्याची चित्रफीत दाखवून शिकवत. शाहिराने एक ओळ म्हटली की पॉझ, आणि मग तिच्यावर लांबलचक मीमांसा. तोवर शाहीर पडद्यावर तोंड उघडे ठेवून थरथरत उभा. तेव्हा आम्हाला ते पांडित्य वाटे. आता वाटते, सरांना गमतीची जरा भीतीच असावी.

एके दिवशी वर्गातली काटोलची वंदना मध्येच उठली. “सर, बोलू द्या ना माह्या बाबाले.”

वर्ग हसला. “काहून वं, घरी बोलत नाही काय ते?” मागून कोणीतरी म्हणाले.

“वारले ते, गेल्या साली. आमच्याजवळ त्यायचा आवाज एवढाच हाये.”

सरांनी बटण दाबले. शाहिराची पुढची ओळ चांगलीच चावट निघाली. आधी वंदना हसली, मग आम्ही. तासाची घंटा झाली तरी कोणी उठले नाही. सरही पुढच्या बाकावर येऊन बसले होते आणि, मला वाटते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती गंमत बघत होते.